कच्च्या कैद्याची बायको : कोल्हापुरातलं एक प्रकरण

संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जात लाभार्थी कोणत्या प्रकारात बसतो, हे लिहावं लागतं. दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, देवदासी, पस्तिशी ओलांडलेली अविवाहित स्त्री, तृतीयपंथी अशी यादी लांबत जाते आणि तिच्यात खाली कुठंतरी एक ओळ येते : तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी. अशी ओळ आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. आमच्याकडे आलेल्या बाईलाही नव्हतं. मी मोठ्या उत्साहानं तिला ती वाचून दाखवली. तिचा तिला अजून काडीचाही उपयोग नव्हता, हे मला दोन आठवड्यांनी तहसीलच्या खिडकीवर कळलं.

मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करतो. वकील नाही. अर्ज भरणं, कुठला कागद कुठल्या दारात चालतो ते सांगणं आणि गरज पडली तर सोबत जाणं, एवढंच काम. या प्रकरणातल्या बाईला आम्ही सगळे ‘वैनी’ म्हणत आलो, इथंही तेच म्हणतो. तिचं नाव, गाव, तालुका लिहीत नाही. कोल्हापूरच्या आसपासच्या ऊसपट्ट्यातलं गाव, इतकं पुरे.

घर असं : सासू अडुसष्ट वर्षांची, नवरा, वैनी, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ठेकेदाराकडं मोल्डिंगच्या कामावर. भाऊबंदकीत बावीस गुंठ्यांचा वाद होता. बांध कोरला, यावरून २०२३ च्या फेब्रुवारीत भांडण झालं आणि खोऱ्याचा दांडा चुलतभावाच्या डोक्यात बसला. तिसऱ्या दिवशी तो सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, वारला. नवऱ्यावर भादंवि ३०२, म्हणजे खुनाचं कलम लागलं, जामीन फेटाळला गेला, मुक्काम कळंबा मध्यवर्ती कारागृह. मेलेल्या भावाचं घर वैनीच्या घराला लागून आहे. मधली भिंत एकच. त्या घरातही एक बाई आणि दोन पोरं. तिच्याकडं पुढं यावं लागेलच.

वैनी आमच्याकडं आली ती त्या वर्षीच्या जूनमध्ये, शाळा सुरू होताना. तोवर चार महिने सासूच्या श्रावणबाळ निवृत्तिवेतनाच्या पैशांवर आणि चपलांच्या कामावर घर चाललं होतं. शहरातला एक चपलांचा व्यापारी चामड्याच्या पट्ट्या गावात पोचवतो, बायका घरी बसून वेण्या घालतात आणि जोडावर पैसे मिळतात. उन्हाळ्यात काम बरं असतं. पाऊस लागला की चामडंही सादळतं आणि मागणीही.

पहिली फाईल

पहिली चूक माझी. मी संजय गांधीचा अर्ज भरला, आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला जोडला आणि पती तुरुंगात असल्याचा कागद म्हणून एफआयआरची नक्कल लावली. खिडकीवरच्या कारकुनानं फाईल उलटून पाहिली आणि शांतपणे विचारलं, “शिक्षेचा कागद?”

“केस चालू आहे अजून.”

“मग हा कच्चा आहे. पक्का झाला की या.”

तो उद्धट नव्हता आणि चुकीचंही बोलत नव्हता. तुरुंगाच्या कागदपत्रांत ‘न्यायाधीन बंदी’ आणि ‘सिद्धदोष बंदी’ असे दोन शब्द आहेत. बोलताना सगळे त्यांना कच्चा कैदी आणि पक्का कैदी म्हणतात. योजनेतली ओळ म्हणते ‘शिक्षा भोगत असलेल्या’. कच्चा कैदी शिक्षा भोगत नसतो, तो नुसता आत असतो. कायद्याच्या नजरेत तो अजून निर्दोष आहे. म्हणजे नवरा निर्दोष आहे म्हणून बायको निराधार नाही, असा हा हिशोब. कोपरापासून हात जोडावेत असं तर्कशास्त्र आहे, पण कागदावर कुठंही फट नाही.

आणि हा अपवाद म्हणावा तर तसंही नाही. आपल्या तुरुंगांत पक्क्यांपेक्षा कच्चेच जास्त असतात. म्हणजे ती ओळ ज्यांच्या बायकांसाठी लिहिली, ते आतल्यांपैकी थोडे.

दुपारी बाहेरच्या टपरीवर चहा घेताना एका जाणत्या माणसानं आम्हाला दुसरी वाट सांगितली. तिला ‘परित्यक्ता’ दाखवा, नवऱ्यानं टाकली म्हणून. गावातून दाखला मिळेल, ओळखीचे आहेत, महिन्यात काम होईल. खोटं बोलतोय असं त्याला वाटतही नव्हतं. तो मदतच करत होता. मी गप्प राहिलो, हेही कबूल करतो. वैनीनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, “मी दर पंधरा दिसानं भेटायला जातो, आन नवऱ्यानं सोडलीया म्हणून सही कशी करू?”

(ज्यांना कोल्हापूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आमच्याकडं बायकाही ‘मी जातो, मी आलो’ म्हणतात.)

तिच्या बोलण्यात मान होता तसं शहाणपणही होतं. तुरुंगातल्या मुलाखतीच्या, म्हणजे भेटीच्या नोंदीत तिचं नाव दर वेळी चढत होतं. उद्या कुणी तक्रार केली असती तर खोट्या कागदावर मिळालेले पैसे वसूल झाले असते आणि वर तिच्यावरच गुन्हा. पुढं अडीच वर्षांत ‘तसा’ सल्ला आम्हाला आणखी दोनदा मिळाला.

पोरांचं दार

त्या दिवशी परतताना बसमध्ये मला सुचायला हवं होतं ते सुचलं. आईच्या नावावर दार बंद असेल तर पोरांच्या नावावरचं वाजवून बघायचं. बालसंगोपन योजना महिला व बालविकास विभागाची आहे, तहसीलची नाही. आता तिचं पूर्ण नाव ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’. दर मुलामागं महिना १,१०० रुपये होते, ते २०२३ मध्ये २,२५० झाले. अठरा वर्षांपर्यंत मिळतात, आणि मंजुरी बाल कल्याण समितीची लागते.

इथंही यादी आहे आणि तिच्यातही कैद्यांचा शब्द आहे. फक्त तो ‘जन्मठेपेच्या कैद्यांची मुलं’ असा आहे. तो वाचून मी पुन्हा थबकलो. पण त्याच यादीत आधी एक मोठं कलम येतं : एकच पालक जवळ असलेली, कौटुंबिक संकटात सापडलेली, विघटित कुटुंबातली मुलं. मृत्यू, घटस्फोट, विभक्त होणं, गंभीर आजार अशी कारणं देऊन पुढं ‘इत्यादी’ लिहिलेलं आहे. सरकारी कागदातल्या ‘इत्यादी’वर माझं फार प्रेम बसलं आहे ते तेव्हापासून. या घरातला कमावता माणूस घरात नाही, कधी येईल सांगता येत नाही आणि आईला रोजगाराची शाश्वती नाही, एवढं पुरेसं होतं. कच्चा का पक्का, हा प्रश्नच त्या टेबलावर आला नाही.

कागद मात्र इथंही लागलेच. मुलांचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलांच्या नावाची बँक खाती, आणि आई व मुलं घरासमोर उभी असल्याचा फोटो. या फोटोनं आठवडा घालवला. मुलगी उभीच राहीना. शेजारच्या घरातल्या पोरांना दिसेल, हे तिचं कारण. शेवटी सकाळी सहाला, ती पोरं उठायच्या आत, गोठ्याच्या बाजूनं फोटो काढला. फोटोत तिघांचेही डोळे अर्धवट मिटलेले आहेत. चालला.

परिविक्षा अधिकारी घरी येऊन चौकशी करून गेल्या, मग समितीपुढं मुलांना घेऊन जावं लागलं. मुलीला विचारलं, वडील कुठं असतात? ती म्हणाली, “कळंब्याला.” कोल्हापुरात कळंबा म्हणजे तलाव, गारगोटी रस्त्यावरचं उपनगर, आणि तिसरंही काही. ऐकणाऱ्यानं कोणता अर्थ घ्यायचा ते त्याच्यावर. समितीतल्या बाईंनी पुढं काही विचारलं नाही.

आदेश २०२४ च्या फेब्रुवारीत झाला. दोघांचे मिळून महिना ४,५०० रुपये. ‘महिना’ हा शब्द कागदावरचा. पैसे तुकड्यातुकड्यांनी येतात, कधी चार महिन्यांचे एकदम. वैनीनं पहिल्या रकमेतून किराणा दुकानाची उधारी फेडली आणि उरलेल्यातून मुलीच्या शाळेचं. माझं आजचं मत सरळ आहे : अटकेनंतर घरच्यांनी पहिला अर्ज पोरांचा करावा आणि तो अटकेच्या महिन्यातच करावा. आम्ही चार महिने उशिरा भेटलो, वर दोन आठवडे मी चुकीच्या दारात घालवले.

अंगठा

माणूस आत गेला की त्याचा पगार जातो, हे सगळ्यांना कळतं. त्याच्याबरोबर त्याचा अंगठा आणि त्याचा मोबाईलही आत जातो, हे घरच्यांना एकेक खिडकी गाठेल तसं कळत जातं.

नवऱ्याचा फोन पोलिसांनी मुद्देमालात जप्त केला होता. रिचार्ज नाही म्हणून नंबर बंद पडला. त्याच नंबरला आधार जोडलेलं, पीएफ जोडलेला, बँकही तीच. पीएफमध्ये थोडीफार रक्कम होती. ती काढायला ओटीपी लागतो, ओटीपीला नंबर लागतो आणि आधारचा नंबर बदलायला माणूस स्वतः केंद्रावर यावा लागतो. वैनीनं मला विचारलं, “पण त्येच्या कागदावर नॉमिनी मी हाय न्हवं?” आहे. पण नॉमिनीचा हक्क माणूस मेल्यावर. हा जिवंत आहे. ठेकेदाराला भेटलो, त्यानं कागदी फॉर्मवर आतून सही आणायला सांगितलं. वकीलपत्रावर कैदी तुरुंग अधिकाऱ्यासमोर सही करतो आणि ती साक्षांकित होऊन येते, त्याच वाटेनं फॉर्म गेला आणि आला. सही जुळत नाही म्हणून परतही आला. तीन वर्षं पेन न धरलेल्या हाताची सही ती. हे काम अजून लटकलेलं आहे.

रेशनचं बरं झालं, कारण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली मोठी बाई ही कुटुंबप्रमुख ठरते आणि कार्ड सासूच्या नावावर होतं. प्राधान्य कुटुंब, माणशी पाच किलो, पाच माणसांचं पंचवीस किलो. मग सगळ्या सदस्यांचं ई-केवायसी आलं आणि पाचवा अंगठा कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहिला. नवऱ्याला तुरुंगात जेवण मिळतं, तेव्हा त्याचे पाच किलो घराला मिळू नयेत हे मला पटतं. वैनीलाही पटलं. तिची धास्ती वेगळी होती : धान्य जाऊ दे, नाव राहू दे. एकदा नाव कमी झालं की ते परत चढवायला किती फेऱ्या पडतात, हे गावात कुणालाही विचारा.

उलट दिशेनं मात्र पैसा निर्धोक जायचा. तुरुंगातल्या कँटीनसाठी वैनी दर महिन्याला नवऱ्याला मनीऑर्डर करायची. मी एकदा म्हटलं, आत कामाचे पैसे मिळतात की. मिळतात, कैद्यांच्या श्रमाला न्याय्य मोबदला हवा हे सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच सांगून ठेवलं आहे. पण सक्तमजुरी पक्क्या कैद्याला. हा अजून कच्चा होता. पक्का झाल्यावर त्याला आत काम लागलं आणि तिची मनीऑर्डर थांबली. शिक्षा लागल्यानं घराचा झालेला पहिला फायदा तो.

पंधराशे आणि पंधराशे

२०२४ च्या जुलैत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिना १,५००. तिच्यात नवरा कुठं आहे हे कुणी विचारत नव्हतं. अर्ज अंगणवाडीत भरला, पैसे आले. ज्या वर्षभरात मी कच्च्या-पक्क्याचा काथ्याकूट करत होतो, त्याची गरजच उरली नाही असं काही महिने वाटलं. संजय गांधीचं अनुदानही २०२३ च्या जुलैपासून १,५०० च होतं, आणि दुसऱ्या योजनेतून १,५०० मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. एकच घ्यायचं. मग ज्यात कमी कागद ते घ्यायचं.

२०२५ च्या जानेवारीत निकाल लागला. खुनाचा उद्देश नव्हता असं मानून सत्र न्यायालयानं ३०२ ऐवजी ३०४ च्या (सदोष मनुष्यवध) दुसऱ्या भागाखाली सात वर्षं सक्तमजुरी आणि दंड दिला. दंडातली काही रक्कम मृताच्या पत्नीला द्यावी असाही आदेश झाला. आणि नेहमीप्रमाणे शेवटी वजावट होती. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२८ : आरोपीनं कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस शिक्षेतून वजा. म्हणजे तेवीस महिने धरले, उरली पाच वर्षं आणि एक महिना.

निकालपत्राची नक्कल आरोपीला फुकट मिळते. ती वाचताना माझं डोकं त्या वजावटीवर अडकलं. न्यायालय म्हणतंय की ते तेवीस महिने शिक्षेचेच होते. नवऱ्याच्या बाबतीत ते मागं जाऊन शिक्षेत जमा झाले. मग त्या तेवीस महिन्यांत वैनी कोण होती? त्याच न्यायानं ती ‘शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी’च होती. मी एका जाणत्या अधिकाऱ्याला हे विचारलंही, वाद घालायला नव्हे, खरंच विचारलं. ते हसले. म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण अनुदान मंजुरीपासून पुढं मिळतं, मागचं मिळत नाही. नुसता जुलै २०२३ ते जून २०२४ हा लाडक्या बहिणीआधीचा काळ धरला तरी बारा महिन्यांचे १८,००० होतात. ज्या वर्षी पोरीची सायकल विकली, ते हे वर्ष.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणीचं ई-केवायसी निघालं. स्वतःचं आधार, स्वतःचा ओटीपी, आणि मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक व त्यांचा ओटीपी. पुन्हा तोच बंद पडलेला नंबर. ज्यांचे पती वारले आहेत किंवा घटस्फोट झाला आहे त्यांच्यासाठी पुढं सोय झाली, मुदतही वाढली. पण जिचा नवरा जिवंत आहे, तिचाच आहे आणि तरीही ओटीपी देऊ शकत नाही, तिनं काय करायचं, हे आम्ही विचारलेल्या कुणालाच सांगता येईना. ऑनलाइन केंद्रावरचा पोरगा म्हणाला, “वडिलांचा टाका की, मशीन घेतंय.” वैनीचे वडील राधानगरीकडं असतात, फोनही असतो. मशीन घेतं म्हणून ते खरं होत नाही, एवढंच मी म्हटलं. विवाहित बाईनं नवऱ्याच्या जागी वडील घातले आणि पुढच्या पडताळणीत निघालं तर कोण उभं राहणार? तो पोरगा नक्कीच नाही.

दुसरी फाईल

म्हणून ऑक्टोबरमध्ये पुन्हा संजय गांधी. अडीच वर्षांपूर्वीचीच फाईल, तोच रबरबँड. या वेळी नवरा पक्का होता. निकालपत्राची नक्कल आणि कारागृहातून आणलेला शिक्षा भोगत असल्याचा दाखला जोडला. त्या दाखल्यासाठी साधा अर्ज नवऱ्यानंच आतून केला होता. बाहेरून आपण हेलपाटे घालण्यापेक्षा आतून अर्ज लवकर हलतो, हे या प्रकरणात शिकलो.

मोठा खड्डा उत्पन्नाचा होता. संजय गांधीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत लागतं. महिन्याला १,७५०. वेण्या घालून, पावसाळा धरूनही, वैनी त्याहून जास्त मिळवते, आणि न मिळवती तर पोरं जगली नसती. सगळीकडं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दाखल्यावर २१,००० किंवा त्याखालचा आकडा पडतो, कारण तोच आकडा पाडायचा असतो. मला या २१,००० ची मर्यादा घालणाऱ्यांपेक्षा तो दाखला देणाऱ्या तलाठ्याबद्दल जास्त कणव आहे. रोज खोटं लिहायला लावायचं आणि अडकलं तर त्यालाच धरायचं. पण या घराला ते करावं लागलं नाही. उत्पन्नाच्या मर्यादेला पर्याय आहे, दारिद्र्यरेषेखालच्या यादीतलं नाव. सासऱ्यांचं कुटुंब २००२ च्या सर्वेक्षणाच्या यादीत होतं. सासरे वारले, यादी राहिली. ग्रामपंचायतीतून उतारा काढला, रेशनकार्डावर तेच कुटुंब असल्याचं दिसत होतं, काम झालं. ज्यांना हा अर्ज करायचा आहे त्यांनी आकड्याशी झटापट करण्याआधी ती जुनी यादी बघावी.

चौकशीला शेजाऱ्यांचे जबाब लागतात. आता शेजारी कोण, ते वर लिहिलंच आहे. त्या घराचं दार बंद राहिलं. जबाब पलीकडच्या दोन घरांनी दिले. चुलत जावेनं सही केली नाही, हरकतही घेतली नाही. दूध संस्थेच्या कट्ट्यावर मात्र बोलणं झालंच : मारणाऱ्याच्या बायकोला सरकार पैसे देणार, आणि मेलेल्याच्या?

प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही चौकशी केली, आणि निघालं असं की मेलेल्याच्या बायकोनं विधवा म्हणून अर्जच केलेला नव्हता. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० एकरकमी मिळतात, दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर. तोही अर्ज केलेला नव्हता. पीडित नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जाता येतं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या पोरांनाही बालसंगोपन मिळू शकत होतं. अडीच वर्षं ती भिंतीपलीकडं बसून होती आणि आम्ही भिंतीअलीकडं ये-जा करत होतो. आमच्यातल्या एक ताई तिच्याकडं गेल्या. मी गेलो नाही. मला त्या अंगणात ‘त्यांच्याकडचा माणूस’ म्हणून ओळखत होते. पहिल्यांदा तिनं चहाही विचारला नाही. दुसऱ्यांदा मृत्यूचा दाखला पुढं केला. उशिराची कारणं लिहून एकेक अर्ज गेला. विधवा म्हणूनचा आधी मार्गी लागला, बाकीचे चालू आहेत.

म्हणजे एकाच दिवशी दोघी जावा एकाच कार्यालयात, एकाच रांगेत, एक विधवा म्हणून आणि एक कैद्याची पत्नी म्हणून. दोघींना १,५०० च. मध्ये तीन बायका सोडून त्या उभ्या होत्या. बोलल्या नाहीत. परतताना मात्र एकाच वडापात (शेअर जीपमध्ये) होत्या, दुसरं काही मिळालं नाही म्हणून.

वैनीची मंजुरी डिसेंबरच्या बैठकीत झाली. लाडक्या बहिणीचे हप्ते सोडले. रक्कम तीच. फरक एवढाच की या पैशांना नवऱ्याचा ओटीपी लागत नाही. खातं तिचं, आधार तिचं, वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा तोही तिचाच.

वकील मात्र आजवर एक पैसा न देता मिळाला. अटकेतल्या माणसाला आणि कोणत्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नं. गावात अजूनही ‘फुकटचा वकील काय लढणार’ म्हणून म्हैस विकतात. १५१०० हा फोन नंबर त्याआधी फिरवावा. शिक्षेविरुद्धचं अपील आधी मुंबईला होतं. तारखेला जायचं म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास, आणि वैनी कधी गेलीच नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि अपील इकडं आलं. आता ती वेण्यांचा माल व्यापाऱ्याकडं टाकून भाऊसिंगजी रोडला चौकशी करून जाते.

परवा अशीच आली होती. फाईल मांडीवर ठेवून बसली आणि म्हणाली, “अपिलात सुटलं तर माझं पंधराशे बंद हुतंय न्हवं?”

“होय. ज्या महिन्यात सुटतील, त्या महिन्यात तुम्ही जाऊन कळवायचं. नाहीतर वसुली लागते.”

तिनं मुलीला फाईल दिली. आता सोळाची आहे ती. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, जिथं वकिलांचा नंबर, पासबुकाचा नंबर आणि हयातीच्या दाखल्याची तारीख आधीच होती, तिथं तिनं खाली लिहिलं : पप्पा आले की तहसीलला सांगणे.